पिवळा म्हणजे शून्य

“रंग सांग,” मामंजी म्हणाले.

मी काचेची नळी उजेडाकडे धरली. नळीत टाकीतलं थोडंसं पाणी आणि त्यात दोन बाटल्यांतले मोजून टाकलेले थेंब. पाच मिनिटं होऊन गेली होती. रंगांचं छापील कार्ड मामंजींच्या मांडीवर होतं आणि पेन्सिल वहीवर टेकलेली होती. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य, म्हणजे टाकीतले मासे सुखरूप. हिरवट झालं तर पाण्यात विष चढायला लागलं असं समजायचं. जितकं हिरवं तितकं वाईट.

नळीतलं पाणी पोपटी झालं होतं.

“पिवळा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

“मग शून्य लिहितो,” असं म्हणून त्यांनी लिहिलं.

मी नळी धुतली, उपडी ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. खोटं मी त्याआधीही बोलले होते, सासरी नांदणाऱ्या बाईला बोलावं लागतं तेवढं. पण हे साठ जिवांवरचं खोटं होतं आणि मी ते पूर्ण शुद्धीत बोलले होते. स्टोव्हला काडी लावताना हात थरथरत होते.

हे जयसिंगपूरचं, नवव्या गल्लीतलं. त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नवरा अजित मोटरसायकलच्या अपघातात गेल्याला दोन वर्षं होत आली होती, आणि घरात आम्ही तिघंच उरलो होतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे भूपाल मगदूम, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. सासू सुगंधाबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची. आणि मी. गल्लीत सगळे म्हणायचे, सासरा देवमाणूस आणि सासू तिखट. मीही तेच धरून चालले होते.

अजित गेल्यावर सहा महिने मी खोलीच्या बाहेर पडले नाही. एके दिवशी मामंजींनी हाक मारली. परड्यात हजार लिटरची काळी टाकी येऊन पडली होती, शेजारी निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणि खडीचा ढीग.

“तू बीएस्सी केमिस्ट्री. मी चौतीस वर्षं लॅबमध्ये. दोघांनी मिळून एक प्रयोग करू,” ते म्हणाले.

प्रयोग असा होता. टाकीत मासे सोडायचे. माशांच्या घाणीचं पाणी कूलरच्या पंपानं वर चढवून खडी भरलेल्या ड्रमांत सोडायचं. ड्रम उभे चिरून त्यांच्या गव्हाणी केलेल्या, आणि त्या खडीत पालक, मेथी, टोमॅटो लावायचे, मातीचा कणही नाही. खडीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात, ते घाणीचं खत करतात, खत भाजी खाते आणि स्वच्छ झालेलं पाणी परत टाकीत पडतं. मामंजींना त्यातलं सगळ्यात काय आवडलं होतं, तर नांगरताना, खुरपताना मातीतले जीव मरतात, ते इथं मरत नाहीत. आमच्या जैनाच्या घरात हा मोठाच मुद्दा होता.

मासे आणायला आम्ही उदगावला गेलो. तिथल्या भोईमामांनी पिशवीत चिलापीची साठ पिल्लं मोजून दिली आणि विचारलं, “किती म्हैन्यांनी काढणार?”

“काढायचे नाहीत,” मामंजी म्हणाले.

“मग इकणार?”

“विकायचेही नाहीत.”

“आन् खाणार तर तुमी न्हाईच. मग पाळताय कशाला हो सर?”

“पालकासाठी,” मामंजींनी सांगितलं. भोईमामा माझ्याकडं बघायला लागले, की म्हातारा ठीक आहे ना. मी त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हसले.

म्हणून सांगते, सुरुवात फार चांगली झाली. पाइप जोडताना, खडी धुताना, ड्रम भरला की गुडगुड आवाज करत पाणी एकदम खाली बसायचं ती नळी जमवताना मी पुन्हा माणसांत आले. हे मामंजींचे उपकार आहेत आणि ते मी आजही नाकारत नाही.

पण मग ते मासे जगले. जगले म्हणजे रोज जगवावे लागले. सकाळी पाण्याची तपासणी, दोन वेळा खाद्य, दुपारी वीज गेली की तासन्‌तास तांब्यानं उंचावरून पाणी ओतत बसायचं, कारण पंप थांबला की पाण्यात हवा मिसळत नाही. आणि तपासणी माझ्याशिवाय व्हायची नाही. मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून पिवळा आणि हिरवा एकच दिसतो, असं ते म्हणायचे. आत्तींना अक्षर कळायचं, पण त्या नळीला हात लावायला तयार नव्हत्या. मग राहिले मी.

भावाच्या मुलीच्या बारशाला निपाणीला गेले तर संध्याकाळच्या एसटीनं परत. मावसबहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या की निघाले. दीड वर्षात मी एकही रात्र त्या घराबाहेर काढली नाही. मला कुणी “जाऊ नको” म्हटलं नाही. मामंजी फक्त एवढंच म्हणायचे, “जा की. रंगाचं काय, बघू.” त्यांचं हे ‘बघू’ फार मऊ होतं. कुणी कोंडलं असतं तर मी कडी वाजवली असती, आरडाओरडा केला असता. इथं कडीच नव्हती. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, विधवा सुनेसाठी कोण एवढं करतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त बुक्क्या प्रेमाच्या होत्या.

त्यात मासेही वाढले. बोटाएवढे आणलेले तळहाताएवढे झाले, पावपाव किलोचे. खायचे नाहीत, विकायचे नाहीत. नदीत सोडायचे म्हटलं तर मामंजी म्हणायचे, “आयतं खाऊन वाढलेत ते. सोडले की संध्याकाळी भोयाच्या जाळ्यात.” त्यामुळे साठच्या साठ टाकीत गोल गोल फिरत होते.

जुलैत मी पदवीचं सर्टिफिकेट आणायला म्हणून कोल्हापूरला गेले आणि मुलाखत देऊन आले. ऑगस्टच्या मध्याला रत्नागिरीच्या एका कॉलेजचं पत्र आलं. प्रयोगशाळा सहायक, एक सप्टेंबरपर्यंत रुजू व्हावे, न झाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला. पत्र मामंजींच्याच हातात पडलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

“छान झालं. फार चांगलं झालं,” ते म्हणाले. मग परड्याकडं बघत राहिले. “रंगाचं काय, बघू.”

मी ‘मला जायचंय’ असं म्हणायला हवं होतं. दोन शब्द होते. पण ज्या माणसानं मला खोलीतून बाहेर काढलं, ज्याचा एकुलता एक मुलगा गेला, त्याच्या तोंडावर ते दोन शब्द फेकायचे कसे? मी म्हटलं, “हो, बघू.” त्यांचंच नाणं त्यांना परत दिलं. दहा दिवस आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. एक तारीख तेवढी कुणासाठी थांबत नव्हती.

पर्व तोंडावर आलं होतं. भाद्रपदातले आमचे दहा दिवस, उपास, पूजा आणि घर धुऊन पुसून लख्ख. पर्वाच्या आठवडाभर आधी संध्याकाळी मी खाद्य टाकायला टाकीवर गेले तर पाणी पडायचा आवाज बारीक वाटला. ड्रमात नेहमी धार पडायची, ती करंगळीएवढी झाली होती. मी बाही सरकवून हात आत घातला आणि पंप चाचपला. बोटांना कापड लागलं.

छन्ना होता. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, म्हणून प्रत्येक नळाला पांढऱ्या जाड कापडाची पिशवी बांधलेली असते, तो छन्ना. आत्तींनी तसाच एक शिवून पंपाच्या तोंडाला बांधला होता. का ते मला विचारावं लागलं नाही. दोन दिवसांपूर्वीच त्या कुरकुरत होत्या, “त्या पंपात बारीक बारीक जीव वडले जात्यात. पर्वात तरी पाप नको घरात.” पाण्यातले जीव वाचावेत म्हणून बांधलेलं ते कापड माशांच्या घाणीनं भरून बंद होत आलं होतं. पाणी खडीपर्यंत जात नव्हतं. आणखी दोन-चार दिवसांत टाकीतलं पाणी टाकीतच सडणार हे मला तिथंच, हात पाण्यात असतानाच कळलं.

गाठ साधी होती. ओढली असती तर सुटली असती.

मी हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

मनात काय आलं ते आता झाकून काय उपयोग? मासे गेले तर रंग बघायचं काम गेलं. मारणारी मी नव्हे, बांधणाऱ्या आत्ती, आणि त्याही पुण्य करायला गेलेल्या. कुणाचाच दोष नाही. मामंजींना ‘नाही’ म्हणावं लागणार नाही, मला ‘जाते’ म्हणावं लागणार नाही. साठ जीव गेले की सगळे प्रश्न आपोआप सुटत होते. हे मी, पाणी गाळून पिणाऱ्या घरातली मुलगी, खाद्याची वाटी हातात धरून विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत पोपटी रंग आला आणि मी ‘पिवळा’ म्हटलं.

त्या दिवशी मामंजी वही मिटता मिटता म्हणाले, “आज खाद्य जरा कमी टाक.”

“का?”

“उगाच. ढगाळ हवा आहे.”

मी कमी टाकलं. दुसऱ्या सकाळी नळी त्याहून हिरवी झाली. कार्डावरच्या चौथ्या चौकोनासारखी, मेथीच्या पानाच्या रंगाची. 

“रंग सांग.”

“पिवळा.”

मामंजी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. “शून्य?”

“शून्य.”

“त्रिशला, थोडं पाणी बदलूया का आज? हौदात मुरलेलं पाणी आहे.”

“रंग पिवळा आहे, मामंजी. मग कशाला बदलायचं?”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पिवळा असेल तर कशाला बदलायचं?”

त्यांनी शून्य लिहिलं. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले आणि तीन भाकऱ्या करपवल्या. आत्तींनी करपलेल्या भाकऱ्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “ध्यान कुठं हाय गं तुझं? रत्नागिरीला पोचलीस व्हय?”

मी दचकलेच. पत्राबद्दल त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत होत्या, आणि त्याही टोमणा मारून. मला राग आला. वाटलं, हिचंच कापड आहे, होऊ दे काय व्हायचं ते.

तिसऱ्या दिवशी मी नळीकडं नीट बघितलंच नाही. “पिवळा” म्हणून मोकळी झाले. मामंजी म्हणाले, “बरं.” त्यांचा आवाज घोगरा होता. दिवसभर ते परड्यात खुर्ची टाकून बसले. मी दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा कप तसाच गार झाला. मला वाटलं, अजितची आठवण आली असेल. रात्री मी बॅग काढली, दोन साड्या ठेवल्या, परत काढल्या. झोप लागली नाही. चारच दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी आत्तींचा आवाज आला. “अगं त्रिशला! हे मासं वर तोंड काढून काय मागालेत बघ गं!”

मी धावत गेले. साठच्या साठ मासे पाण्याच्या वरच्या थराला होते. तोंडं उघडी, मिटलेली, परत उघडी. एकमेकांच्या अंगावर चढून हवा घेत होते. दोन एका बाजूला कलंडले होते. नेहमी खाद्याची वाटी दिसली की माझ्याकडं धावणारे मासे, आज त्यांना माझी ओळखही उरली नव्हती. वास सुटला होता.

मामंजी माझ्या आधीच तिथं उभे होते. अंघोळ झालेली नव्हती, अंगात बनियन. त्यांच्या हातात नळी होती. थेंब त्यांनीच टाकले होते.

“रंग सांग,” त्यांनी नळी माझ्यापुढं धरली.

तपासणीची गरजच उरलेली नव्हती. पाणी गडद झालं होतं, बाटलीच्या काचेसारखं. मी तोंड उघडलं. ‘पिवळा’ म्हणवेना, आणि ‘हिरवा’ म्हटलं तर काल, परवा आणि त्याच्या आधीचं सगळं उघडं पडणार.

“मग मी सांगू?” मामंजी म्हणाले. “गडद हिरवा आहे. काल याच्या निम्मा होता. परवा मेथीच्या पानासारखा. त्याच्या आधी पोपटी.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

“तुम्हाला दिसतो?”

“दिसतो.”

“कधीपासून?”

“ऑपरेशन झाल्यापासून चांगलाच दिसतो,” ते खाली बघत म्हणाले. पालकाची पिवळी पडलेली पानं रोज सकाळी वेचून खुडणारे तेच होते. दीड वर्ष मी ते डोळ्यांनी बघत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

“मग बोलला का नाही? परवा बोलायचं होतं, मेथीसारखा होता तेव्हा!” मी ओरडलेच. सासऱ्यांवर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ.

“कसा बोलू? बोललो असतो तर दिसतं हे कळलं असतं तुला. मग तू कशाला थांबली असतीस?” त्यांनी नळी खाली ठेवली. “वाटलं, आज खरं सांगेल. उद्या सांगेल.”

मी पुढं काही ऐकलं नाही. दोन्ही हात खांद्यापर्यंत टाकीत घातले, छन्ना धरला आणि हिसडून काढला. गाठ आवळली होती, नख तुटलं. पंपानं एकदम श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ड्रमात धार पडायला लागली. मामंजी बादलीनं टाकीतलं पाणी उपसून बाहेर फेकत होते, मी हौदातलं आणून ओतत होते आणि आत्ती तांब्यानं उंचावरून धार धरत होत्या, तोंडानं णमोकार मंत्र चालू. अकरा वाजेपर्यंत आम्ही निम्म्याहून जास्त पाणी बदललं. मासे हळूहळू खाली गेले. जे गेले नाहीत ते आत्तींनी हातानं, एकेक करून, बाहेर काढले आणि केळीच्या पानावर ठेवले.

अकरा होते.

मामंजींनी कढीलिंबाखाली खड्डा घेतला. आत्ती हात धुवायला वळल्या आणि त्यांना जमिनीवर पडलेला छन्ना दिसला. काळा झालेला, चिखलानं फुगलेला. त्यांनी तो उचलला, उलटा केला, बोटांनी चिवडला. त्या शिकलेल्या फार नव्हत्या, पण सगळा जन्म पाणी गाळण्यात गेलेला. कापड तुंबलं की काय होतं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“हे माझं,” त्या म्हणाल्या. “मी बांधलेलं. बारकं वाचवायला गेले आन् मोठं मारलं.”

मी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं. आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

त्या दिवसाचं मला सगळ्यात लाजिरवाणं काय वाटत असेल तर ते हे गप्प बसणं. खोटं बोलले तेव्हा निदान हात थरथरले होते.

आत्तींनी अंघोळ केली, देवापुढं बसल्या आणि बाहेर येऊन सांगून टाकलं, “अकरा उपास धरलेत. आजपासनं. एकाआड एक.”

“तुम्हाला साखर आहे,” मी म्हटलं. रोज सकाळी गोळी घेणारी त्रेसष्ट वर्षांची बाई. मागच्या पर्वात एकच उपास केला तर चक्कर येऊन न्हाणीत पडल्या होत्या. त्यांचा उपास म्हणजे दिवसभर अन्नाचा कण नाही, पाणी तेवढं एकदा.

“असू दे की साखर. जीव गेलेत अकरा.”

“डॉक्टरांना विचारू,” मामंजी पुटपुटले. “बघू.”

“तुमी बघा,” आत्ती म्हणाल्या आणि कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी उचलून त्यांनी कपाटात ठेवून दिली.

दुपारी मी दोघांची ताटं केली. मामंजी ताटावर बसले, घास मोडला आणि तसाच ठेवला. मीही ताट झाकून ठेवलं. आत्ती दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. ओठ कोरडे पडायला लागले होते. मला दिसत होतं की हे अकरापर्यंत जाणार नाही, तिसऱ्या-चौथ्यालाच दवाखाना गाठावा लागेल. तोपर्यंत मी रत्नागिरीत असेन. मला सुटका हवी होती ना, ती मिळाली होती. दार उघडं होतं आणि त्या दारातच ही बाई माझा उपास करत बसली होती.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“आत्ती, छन्ना मला दिसला होता.”

त्यांनी डोळे उघडले.

“चार दिवसांपूर्वी, संध्याकाळीच दिसला. हाताला लागला. मी काढला नाही. रोज रंग हिरवा येत होता आणि मी पिवळा सांगत होते. मासे गेले असते तर मला जाता आलं असतं. मला जायचंय, आत्ती. रत्नागिरीला. मला इथं नाही राहायचं.”

झालं. इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडलं आणि मी रडायला लागले. आता शिव्या पडणार, ‘पांढऱ्या पायाची’ ऐकावं लागणार, अजितचं नाव निघणार, याची मी तयारी ठेवली होती.

आत्तींनी माझ्यावरची नजर काढून मामंजींवर नेली. “आन् तुमी?”

मामंजींनी ताट बाजूला सारलं. “मला दिसत होता. रंग. पहिल्यापासून. डोळ्यांचं मी खोटं सांगितलं होतं तिला.” मग जरा थांबून म्हणाले, “एक ‘जा’ म्हणायचं होतं. ते निघेना तोंडातून.”

बाहेर ड्रम भरला आणि गुडगुडत रिकामा झाला, परत भरायला लागला. मग आत्ती उठून नीट मांडी घालून बसल्या.

“म्हंजे तिघांनी मारलं,” त्या म्हणाल्या. “मग अकराच्या अकरा मी एकटीनं कशाला करू? वाटून घ्या. तीन माझं. विचारल्याबिगर बांधलं, ते चुकलंच माझं. चार ह्यांचं. चार तुझं.”

“मी उद्यापासून धरते,” मी म्हटलं.

“हितं नको.”

मला कळेना.

“हितं उपास धरलास तर हे सकाळ-संध्याकाळ म्हणतील, पोरगी अशक्त झाली, एवढ्यात जाऊ नको, बघू. तू तुझं चार तिकडं जाऊन कर.” मग आवाज चढवून म्हणाल्या, “मला वाटलं, तुलाच जायचं न्हाई. पत्र येऊन दहा दिवस झालं, तोंडातनं एक शब्द न्हाई. मी टोमणा मारला तरी बोलली न्हाईस. पोरी, मला काय सपान पडणार हाय व्हय?”

“पण रोजचा रंग कोण...” मामंजींनी सुरुवात केली.

“डोळं हायत न्हवं तुमाला?” आत्ती म्हणाल्या. मग आत्तींनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली आणि कोनाड्यात परत ठेवली. “आजचा धरलाय तो पुरा करते. उद्या घेईन.”

एकतीस तारखेच्या सकाळी मामंजींनी मला स्टँडवर सोडलं. एसटी हलायला लागली तेव्हा खिडकीशी आले आणि म्हणाले, “आज पोपटी होता. उतरतोय.” मी मान हलवली. आधी मला ‘रंग सांग’ न म्हणता त्यांनी रंग सांगायची ती पहिलीच वेळ होती.

रत्नागिरीत मी एक खोली घेतली. चार उपास केले, एकाआड एक. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, संध्याकाळी येऊन भिंतीला टेकून बसायचं. भूक लागली की त्या उघड्या तोंडांची आठवण यायची आणि ते बरोबरच होतं. चौथ्याचं पारणं केलं त्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी फोन लावला. आत्तींनीच उचलला.

“झाले माझे चार,” मी म्हटलं.

“माझं तीन कवाच झालं. ह्यांचा अजून दुसराच चाललाय. उद्या बघू, परवा बघू.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“झालं न्हवं चार?” त्या म्हणाल्या. “मग आता मोकळी झालीस. हितं येशील ती सुनेसारखी येऊ नको. माहेरवाशिणीसारखी ये. चार दिवस ऱ्हा, आन् परत जा.”